आजचं सांगायला हरकत नाही

"बसमध्ये माझ्या अंगाखाली आला," असं म्हणत त्या बाईने चष्मा काउंटरच्या काचेवर ठेवला आणि उघडे डोळे बारीक केले. उजवी काडी बाहेर फाकली होती, बिजागरीतला स्क्रू कुठेतरी पडून गेला होता. सुल्माने सवयीने चष्मा उचलून भिंगं उजेडाकडे धरली, आणि तेवढ्यात तो आवाज तिच्या आत जाऊन अडकला. हा आवाज तिच्या घरातला होता. तिने वर पाहिलं. चेहरा मात्र ओळखीचा वाटेना. थोडा सुजल्यासारखा, नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर खाचा, डोळे पाण्याखालून बघावेत तसे. मग उत्तराची वाट बघताना बाईने हनुवटी जरा पुढे काढली, आणि सुल्माला कळलं. गेले तीन आठवडे संध्याकाळी सात वाजता निवेदक प्रश्न विचारायचा, ही हनुवटी अशीच पुढे यायची, आणि खुर्चीतले पपा म्हणायचे, "बघ, आलं तिला." इदालिना तेचेरा. कुर्तिनाच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करणारी. टीव्हीवरच्या 'शेवटची पायरी' या प्रश्नमंजुषेत सलग चौदा दिवस जिंकलेली.

मागच्या टेबलाशी जाऊन सुल्मा डबीतून स्क्रू शोधू लागली. चिमट्यात धरलेला पहिला स्क्रू निसटला, दुसराही निसटला. तीस वर्षं ती हे काम करत होती. झोपेतही तिच्या बोटांनी स्क्रू बसवला असता. बाहेर जुलैचा, ऐन हिवाळ्यातला वारा रस्त्यावरचे कागद उडवत होता, बसस्थानकाकडे जाणारी माणसं बॅगा छातीशी धरून वाकून चालत होती. आत हीटरच्या धगीत ती बाई स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीतून कांद्याच्या पातीची टोकं बाहेर आलेली. ही बाई इथे बसली आहे आणि संध्याकाळी तिथेही असेल, असं सुल्माच्या मनात आलं, आणि मग त्या विचाराच्या पाठोपाठ दुसरा आला, जो यायला नको होता. कार्यक्रम आधी तयार करून ठेवतात. हे सगळ्यांनाच माहीत असतं, जसं आपण एक दिवस मरणार हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे समोर स्टुलावर बसलेली ही बाई संध्याकाळच्या बाईच्या पुढे निघून गेलेली आहे. तिला शेवट ठाऊक आहे.

चष्मा देताना सुल्मा म्हणाली की माझे वडील तुमच्यासाठी जीव टाकतात, सहा वाजल्यापासूनच खुर्ची टीव्हीकडे वळवून बसतात. बाई लाजली. चष्मा डोळ्यांवर चढवून तिने आधी सुल्माकडे, मग दुकानाकडे पाहिलं, जणू काहीतरी तपासून घेत होती.

"काय वय त्यांचं?"

"ब्याऐंशी. टपाल खात्यात होते. पत्रांची वर्गवारी करायचे. देशातलं एकेक खेडं पाठ आहे. कुर्तिना म्हटल्यावर म्हणाले, वरून तिसरा कप्पा."

बाई हसली. मग म्हणाली, "त्यांना सांगा, आज मी जिंकते. आजचं सांगायला हरकत नाही." आणि चष्म्याची काडी कानामागे नीट बसते का ते बघत, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली, "तशी आता महिना झाला सगळं संपून. बहिणीला डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून आले. बाराची बस पकडते, उद्या सकाळी पोरांचं जेवण आहे."

बोलून झाल्यावर तिला कळलं. तिने हात तोंडावर ठेवला. हात लाल होता, बोटांच्या टोकांशी चिरा पडलेला.

"मी सही करून दिलीय हो," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगायचं नाही अशी. तुम्ही काही ऐकलं नाही."

सुल्मा म्हणाली, नाही ऐकलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मालक जेवायला गेला होता. कदाचित म्हणूनच ती बाई उठली नाही. महिनाभर ती हे कुणाशी बोलली नव्हती, आणि इथे, एका काचेच्या काउंटरपलीकडच्या अनोळखी बाईशी, चुकून का होईना, दार किलकिलं झालं होतं. तिने सांगितलं की रोज संध्याकाळी सगळं गाव क्लबमध्ये जमतं, तिला पुढच्या खुर्चीत बसवतात, आणि ती जिंकली की लोक तिला मिठ्या मारतात. सकाळी पोरं पातेल्याभोवती टाळ्या वाजवतात. नवरा म्हणतो, तुला माहीत आहे ना, मला तरी सांग. ती सांगत नाही, कारण त्याला सांगितलं की त्याचा चेहरा गावाला सांगेल. "हरले त्याचं काही नाही वाटलं," ती म्हणाली. "खरं सांगू, हरले तर मला सडकून भूक लागली. तीन दिवस घशाखाली घास उतरला नव्हता. बाहेर येऊन फुटपाथवर उभ्यानं दोन सँडविच खाल्ली. पण हे जे आहे ना, लोक खूश होतात आणि आपण हसायचं, हे फार जड आहे, बाई. त्यांच्या आनंदात मी एकटीच परकी."

कोणत्या दिवशी, हे सुल्माच्या ओठांवर आलं होतं. एक शब्द पुरला असता. बाईही क्षणभर थांबली, विचारलंत तर सांगेन अशी. पण सुल्माने चष्मा पुसायचं पिवळं फडकं घडी करून तिच्या हातात ठेवलं, आणि म्हणाली की स्क्रू सैल वाटला तर पुन्हा आणा. बाई वाऱ्यात निघून गेली. वळणावर तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि एवढ्या लांबूनही सुल्माला तिची ती पाठ कामावरून घरी निघालेल्या कुठल्याही बाईची वाटली.

गोष्ट एवढीच असती तर सुल्मा दोन दिवसांत विसरली असती. पण पपांनी आपलं हृदय त्या बाईच्या पायाला बांधून ठेवलं होतं. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. त्या अरुंद फटीतून रक्त पुढे ढकलायला हृदयाला किती कष्ट पडतात हे डॉक्टरने कागदावर काढून दाखवलं होतं. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पपांनी मोडली. पहिल्यांदा सर्दी, दुसऱ्यांदा शेजारच्या बाईचा वाढदिवस. तिसऱ्यांदा सुल्मा चिडली तेव्हा ते माते, म्हणजे तो कडवट पाल्याचा चहा, पीत होते; धातूची नळी तोंडातून काढून त्यांनी टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ही स्वयंपाकीण हरेल त्या दिवशी मी भरती होतो. तोवर मला उठवू नकोस." थट्टेत म्हणाले होते. पण दिवस जात गेले, ती जिंकत गेली, आणि थट्टेचा रंग उडून खालचं काहीतरी दिसू लागलं. ती उत्तर देताना ते श्वास धरून बसायचे. उत्तर बरोबर आलं की हात पोटावर ठेवून डोळे मिटायचे, जणू कुणीतरी त्यांनाच आणखी एक दिवस दिला होता.

त्या संध्याकाळी सुल्मा त्यांच्या शेजारी बसली आणि पडद्यावरच्या बाईकडे बघत राहिली. पडद्यावर तिने निळा स्वेटर घातला होता, केस सेट केलेले होते, आणि तिला काहीही माहीत नव्हतं. एका प्रश्नाला तिने फार वेळ लावला. पपांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. सुल्मा मात्र शांत होती, आणि ती शांतता तिला घाणेरडी वाटली, कुणाच्या खिशात हात घातल्यासारखी. आज ती जिंकते. बाई जिंकली. पपा म्हणाले, "हुश्श," आणि तिच्याकडे वळून हसले, आणि तिनेही हसून दाखवलं. ते हसू तिच्या चेहऱ्याला नवीन नव्हतं. गालाचे स्नायू ते ओळखत होते, कुठून उचलायचं, किती वेळ धरायचं. ते ओळखीचं आहे हे जाणवताच तिला आई आठवली.

नऊ वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टरने सुल्माला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यकृत, तीन महिने, फार तर चार. व्हरांड्यात फिनेलचा वास होता, आणि एक नर्स मोठ्याने कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होती. घरी येऊन तिने पपांना सांगितलं, आणि स्वयंपाकघरात नळ सोडून, त्या आवाजाच्या आड, दोघांनी ठरवलं की आईला, ओर्फिलियाला, कळू द्यायचं नाही. मग आई जानेवारीच्या, भर उन्हाळ्यातल्या गोष्टी करू लागली. ला पालोमाला जाऊ, समुद्रावर, दहा दिवस. तिने सुल्माला एक छत्री आणायला लावली, वाळूत रोवायची, हिरव्या पांढऱ्या पट्ट्यांची; दुकानदाराने रंग बदलून दिला नाही म्हणून दोनदा फोन केला. सुल्मा म्हणायची, हो आई, तेव्हा तू बरी झालेली असशील. आई बारीक होत गेली आणि उन्हाळ्याच्या गोष्टी वाढत गेल्या. खोलीत शिरण्याआधी सुल्मा दारात क्षणभर थांबून चेहरा नीट करायची. नोव्हेंबरात आई गेली. छत्री तिच्या प्लॅस्टिकमध्येच राहिली. आणि या नऊ वर्षांत एकही रात्र अशी गेली नव्हती की सुल्माला वाटलं नव्हतं, मी तिला फसवलं. तिच्या हातात शेवटचे तीन महिने होते आणि मी ते तिला बघू दिले नाहीत. ती जानेवारीवर पैज लावत राहिली, आणि मी शेजारी बसून निकाल माहीत असूनही टाळ्या वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, इदालिना पुन्हा जिंकली. शुक्रवारी दुपारी रुग्णालयातून दुकानात फोन आला. पुढच्या गुरुवारी खाट आहे, नाहीतर मग सप्टेंबर. बोलणारी मुलगी शहाणी होती, तिने आवाज जरा खाली आणून म्हटलं, सप्टेंबरपर्यंत थांबू नका. शुक्रवारीही इदालिना जिंकली. निवेदकाने तिला विचारलं की एवढं सगळं कुठे शिकलात, तर ती म्हणाली, शाळेत जुनी पुस्तकं टाकून देतात, ती मी चुलीपाशी आणते, जाळायला म्हणून, आणि जाळण्याआधी वाचते. सगळे हसले. पपांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुल्माला वाटलं, आता ही केव्हाही हरू शकते, आणि मी काय करणार आहे, तर ती हरली की खोटं दचकणार आहे. मनात तिने गणितही मांडलं होतं. सोमवारी हरली तर बरं, मंगळवारी हरली तरी चालेल, बुधवारनंतर हरली तर पपांची खाट जाईल. मग तिला स्वतःचीच शिसारी आली. स्वयंपाकघरात उभी राहून एका भल्या बाईच्या हरण्याची वाट बघत ती कांदा चिरत होती.

शनिवार-रविवारी कार्यक्रम नसतो. रविवारी दुपारी पाऊस आला म्हणून तिने तेलात मैद्याच्या जाडसर भाकऱ्या तळल्या, पपांना आवडतात तशा, कडेला कुरकुरीत. पपा खिडकीपाशी बसले होते, मातेच्या गरम पाण्याचा थर्मास काखेत. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढायला धावत होतं. सुल्माने थाळी त्यांच्यापुढे ठेवली आणि ती ठेवत असतानाच बोलली, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी साध्या आवाजात.

"पपा, मला इदालिना तेचेरा भेटली. दुकानात आली होती. ती हरलीय. महिना झाला."

पपांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते भाकरीचा तुकडा मोडत होते, मोडत राहिले.

"कोणत्या दिवशी?"

"विचारलं नाही मी."

"का नाही विचारलंस?"

मग तिने बाकीचं सांगितलं. क्लबमधली पुढची खुर्ची, टाळ्या, नवऱ्याचा चेहरा. आणि हरल्यावर लागलेली भूक, फुटपाथवरची दोन सँडविच. इथे पपा थांबले.

"भूक लागली तिला?"

"सडकून, म्हणाली."

पपांच्या खांद्यांना काहीतरी झालं. तिला वाटलं, ते रडताहेत. पण ते हसत होते, आवाज न करता, हृदयाला धक्का लागू नये अशा बेताने. हसून झाल्यावर त्यांनी बोटं रुमालाला पुसली.

"मला माहीत होतं, पोरी. ते आधीच करून ठेवतात हे मला माहीत नाही का. चाळीस वर्षं टपालात होतो. माणूस पत्र टाकतो त्या दिवशी एक असतो, आणि पत्र पोहोचतं तेव्हा वेगळा. कधी कधी तर नसतोच. आम्ही ते पत्र तरीही कप्प्यात टाकायचो." त्यांनी खिडकीच्या काचेवरची वाफ बोटाने पुसली. "मी मुद्दामच बसलो होतो. हरलेल्या बाईवर पैज लावून. बरं वाटत होतं."

"मग मी सांगायला नको होतं."

"नाही, बरं केलंस." मग ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, "तुझ्या आईला माहीत होतं."

भाकऱ्यांवरून वाफ निघत होती. सुल्माला ती वाफ फार स्पष्ट दिसली, एकेक धागा.

पपांनी सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. सप्टेंबरात, एका सकाळी, सुल्मा कामावर गेल्यावर, ओर्फिलियाने त्यांना पलंगावर बसवून विचारलं होतं, किती दिवस. त्यांना खोटं बोलता आलं नाही. मग तिने पाणी मागितलं. आणि म्हणाली की पोरीला कळू देऊ नकोस की मला कळलंय. ती माझ्यासाठी एवढं लपवते आहे, तेवढ्यावरच ती उभी आहे. तो आधार काढून घेऊ नकोस. मग ती रोज संध्याकाळी समुद्राच्या गोष्टी सांगायची, सुल्मा येण्याच्या वेळेला. छत्रीचं सुचलं तेव्हा म्हणाली होती, जानेवारीत तुम्ही दोघं जा.

"आणि तुम्ही नऊ वर्षं बोलला नाहीत."

"तिला शब्द दिला होता."

"ती गेली, पपा."

"हो," पपा म्हणाले. "मलाही वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, कशाला. तू शांत दिसायचीस."

सुल्मा उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे उभं राहून काय करायचं ते तिला कळेना. तिने तेलाची कढई उचलली, पुन्हा ठेवली. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे सापडत नव्हतं. दारात थांबून चेहरा नीट करणारी ती. आणि दाराच्या आत, पलंगावर, तिचं पाऊल ऐकून आईही आपला चेहरा नीट करत असेल. दोन बाजूंनी दोघी एकाच वेळी. मग दार उघडायचं आणि त्या दोघी हसायच्या. नऊ वर्षं तिने स्वतःला ज्या खोटेपणासाठी दोषी धरलं होतं, तो खोटेपणा आईने तिच्या हातात विणकामासारखा ठेवला होता, हातांना काम हवं म्हणून. फसवणूक झालीच नव्हती. किंवा झाली होती ती तिचीच, आणि ती इतक्या मायेने केलेली होती की तिच्याबद्दल तक्रारही करता येत नव्हती. पण त्या तीन महिन्यांत दोघींना एकमेकींजवळ बसून रडता आलं असतं. ते राहून गेलं, आणि आता ते कुणालाच करता येणार नव्हतं. तिने नळ सोडला, बंद केला. बाहेरच्या खोलीत पपा खोकले.

ती परत आली तेव्हा ते तसेच बसले होते. भाकऱ्या गार झाल्या होत्या.

"आता तू सांग," ते म्हणाले. "डॉक्टरने मला बाहेर बसवून तुला आत बोलावलं होतं. काय म्हणाला?"

तिने चेहरा नीट केला नाही. "शस्त्रक्रिया नाही केली तर हा हिवाळा, कदाचित पुढचा उन्हाळा. केली तर दहांतले आठ घरी येतात. तुमच्या वयाचे."

"आठ." पपांनी आकडा तोंडात घोळवला. "बाकीचे दोन?"

"येत नाहीत."

"मला भीती वाटते, सुल्मा."

"मलाही," ती म्हणाली. आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी, आता तिच्या वजनाने खुर्ची कुरकुरली तरी. पाऊस थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

सोमवारी इदालिना जिंकली. दोघांनी ते वेगळ्याच तऱ्हेने पाहिलं. तिचा प्रत्येक विचार, हनुवटी पुढे काढणं, उत्तर आल्यावरचं ते ओशाळं हसू, सगळं नीट, घाई न करता. मंगळवारी तिला विचारलं, बगदाद कोणत्या नदीकाठी आहे. पपा पुटपुटले, "टायग्रिस." इदालिनाने डोळे मिटले, दोन नद्या तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून जाताना दिसल्या, आणि ती म्हणाली, "युफ्रेटिस." ते चूक आहे हे निवेदकाने सांगण्याआधीच तिला कळलेलं होतं. ती उठली, दुसऱ्या स्पर्धकाला, एका तरुण दंतवैद्याला, तिने मिठी मारली, त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. निवेदक तिच्याबद्दल खूप काही बोलत होता. ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

"भूक लागलीय तिला," पपा म्हणाले.

तासाभराने त्यांनी आपला दाढीचा वस्तरा, चष्मा आणि दोन पायजमे पलंगावर काढून ठेवले, आणि बॅग कुठे आहे असं विचारलं.

गुरुवारी सकाळी त्यांना आत नेलं. चाकांच्या खाटेवर ते फार लहान दिसत होते, दात काढून ठेवल्यामुळे तोंड आत गेलेलं. त्यांनी तिचा अंगठा धरला आणि दारापाशी सोडला. मग ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. चार तास. तिथे बसून तिला पहिल्यांदा समजलं की आयुष्यभर ती माणसांच्या चेहऱ्यांवरून पुढचं वाचत आली. डॉक्टरांच्या, गिऱ्हाईकांच्या, आईच्या, आणि जे वाचलं ते चुकीचं निघालं तरी तिची सवय गेली नाही. एक वाजता व्हरांड्याच्या टोकाला हिरव्या कपड्यांतला शल्यविशारद दिसला. तो तिच्याकडे येत होता. त्याच्या चालीवरून, टोपी हातात धरण्यावरून ती ओळखू शकली असती. तिने मान खाली घातली आणि फरशीच्या फटीकडे बघत, त्याची पावलं जवळ येऊ दिली.

तो म्हणाला, सगळं ठीक झालं. हृदय चांगलं चालतंय. शुद्धीवर यायला वेळ लागेल.

संध्याकाळ झाली तेव्हा तिला आत सोडलं. पपांच्या नाकात नळ्या होत्या, ओठ सुकून पांढरे पडले होते. तिने कापूस ओला करून ओठांवर फिरवला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. ते कुठे आहेत हे शोधत डोळे छतावर फिरले, मग तिच्यावर येऊन थांबले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ती वाकली.

"काल कोण जिंकलं?"

बुधवारी तिने टीव्ही लावलाच नव्हता. बॅग भरली होती, पपांचे पाय कोमट पाण्यात धुतले होते, आणि दोघं नऊ वाजताच झोपले होते.

"माहीत नाही, पपा," ती म्हणाली.

पपांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, ऐकू आलं की नाही कळेना असं. मग त्यांचे डोळे मिटत गेले, आणि ओठ हलले.

"तो दंतवैद्य असेल," ते म्हणाले. "पोरगं बरं वाटलं."